पाठ होत नाही? चित्र काढून बघा

डहाणू-तलासरीत वारली लग्नात भिंतीवर चौक 'लिहितात'. काढतात नाही, लिहितात! मग अभ्यासाची वही चित्रांत लिहायला काय हरकत आहे?

घरी वारली बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी जड जाते. घोकलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की सगळंच अडतं. आता 'अन्नसाखळी' घ्या. धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल तसं काढा: भात, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मधे बाण. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे. इथेच गडबड होते. प्रत्येक चित्राखाली पुस्तकातला शब्द लिहाच, नाहीतर पेपरात बेडूक आठवेल आणि 'द्वितीयक भक्षक' आठवणार नाही. मग पुस्तक उघडून चुका लाल पेनाने सुधारा. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर परत काढा.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असेच प्रयोग प्रसिद्ध केले. शब्द नुसते लिहिण्यापेक्षा त्यांचं चित्र काढलं तर ते जास्त लक्षात राहिले. चित्र सुबक नसलं तरी चाललं. म्हणजे गंजाडच्या पद्मश्री जिव्या सोमा म्हसेंसारखा हात लागत नाही, काडीची माणसं पुरतात. रंगवत मात्र बसू नका, त्यात वेळ जातो. आणि गणित सोडवूनच येतं, तिथे चित्र फार तर भूमितीपुरतं.