तिरकामठा, राखण आणि रोजी

सातपुड्याच्या रांगा आणि तापीचे सुपीक खोरे यांमध्ये वसलेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. माणसे शस्त्र हेच उपजीविकेचे साधन का करतात? इंग्रजी अमदानीतील अनेक लेखकांनी भिल्लांना स्वभावतःच लुटारू ठरविले. घटनांचा क्रम मात्र निराळे सांगतो.

शस्त्र हे चाकरीचे अवजार

मराठेशाहीच्या काळात डोंगरातील घाटवाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असे. त्याबद्दल त्यांना ठराविक हक्क मिळत. सपाटीवरील गावांत भिल्ल जागल्या रात्रीचा पहारा करी, चोरी झाल्यास चोराचा माग काढी आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्याचा वाटा नेई. तिरकामठा हे या चाकरीचे अवजार होते. ज्याच्या हाती शस्त्र, त्याच्यावरच गावाच्या सुरक्षिततेची जबाबदारी होती.

१८०२ नंतर ही घडी विस्कटली. यशवंतराव होळकरांच्या फौजा आणि पाठोपाठ पेंढारी यांनी खानदेश उद्ध्वस्त केला. त्यातच १८०३–०४ चा भीषण दुष्काळ पडला. गावे ओस पडली, धान्य देणारा कुणबी परागंदा झाला आणि वाटांवरील वाहतूक थांबली. राखण करावयास काही उरले नाही, तेव्हा राखणदाराची रोजीही बुडाली. अनेक भिल्लांनी डोंगराचा आश्रय घेतला व लुटीवर गुजराण सुरू केली. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी कोपरगाव येथे भिल्लांची कत्तल केली. अशा प्रकारांमुळे सरकारच्या शब्दावरील त्यांचा विश्वास उडाला.

दंडाकडून रोजीकडे

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या अमलात डोंगरांत फौजा धाडण्यात आल्या, टोळ्यांची रसद तोडण्यात आली, शरण आलेल्या नाईकांना नेमणुका देण्यात आल्या. तरीही एक बंड मोडले की दुसरे उठे. अखेर १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या राजवटीत धोरण बदलले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. नंदुरबार व सुलतानपूर हा भाग ज्या एजन्सीकडे आला, तिचे ठाणे तापीकाठी कुकरमुंडे येथे होते. हे गाव आज गुजरात राज्यात आहे. शेती करू इच्छिणाऱ्यांना जमीन, बैल व बियाण्यासाठी तगाई आणि पूर्वीच्या गुन्ह्यांची माफी देण्यात आली.

त्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स आउटरॅम यांनी भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे झाले. आरंभी भिल्ल भरतीस येईनात. हा आपणास पकडण्याचा डाव असावा, अशी त्यांना शंका होती. आउटरॅम त्यांच्याबरोबर शिकारीस हिंडले, त्यांच्यात मिसळले. नियमित पगार हाती पडू लागला, तसा संशय निवळला. कालपर्यंत ज्यांचा पाठलाग होत होता, त्यांतील कित्येक आता प्रदेशाचे रक्षण करू लागले.

या उपायाची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. पलटण परकीय सत्तेची होती व तिचा उपयोग स्वजनांविरुद्धही झाला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक यांची चाकरी सरकारने काढून घेतली होती. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात ते इंग्रजांविरुद्ध उभे ठाकले. १८५८ मध्ये आंबापाणी येथे झालेली भिल्लांची लढाई प्रसिद्ध आहे. हा लढा केवळ पोटासाठी नव्हता. परंतु ज्या सत्तेने दिलेली रोजी तिच्या मर्जीवर अवलंबून असते, त्या सत्तेविषयी निष्ठा टिकत नाही, हेही त्यातून दिसते.

जमिनीचा प्रश्न

पुढील काळात आदिवासींच्या कित्येक जमिनी सावकारांकडे व मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या. शहादा परिसरात हा असंतोष १९७०–७२ च्या सुमारास उफाळून आला. १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे गोळीबार झाला. याच काळात बड्या जमीनमालकांनी पीक संरक्षणासाठी पगारी रखवालदार नेमले. पूर्वी जागल्या गावाचा होता. नव्या रखवालदाराची काठी गावातीलच मजुरावर उगारली जाऊ लागली. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी मात्र संघटना, मोर्चे आणि जमिनीची कायदेशीर मागणी यांचा मार्ग धरला. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

आजच्यासाठी बोध

जगातील अनुभवही असाच आहे. सिएरा लिओनमधील यादवी २००२ मध्ये संपली, तेव्हा सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि त्यांच्यासाठी धंदेशिक्षणाची योजना राबवावी लागली. गडचिरोलीत २००५ पासून राबविण्यात आलेल्या आत्मसमर्पण योजनेतही पुनर्वसनाला महत्त्वाचे स्थान आहे.

शस्त्र काढून घेणे हे काम पोलिसांचे. ते पुन्हा उचलण्याची गरज न पडू देणे हे काम ग्रामपंचायतीचे, तलाठ्याचे व शिक्षकाचेही आहे. कामाची मागणी नोंदवून पोच देणे, मजुरी वेळेवर पोहोचविणे, वनहक्काचा दावा धूळ खात पडू न देणे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या मुलांचे शिक्षण तुटू न देणे, ही कामे वरकरणी किरकोळ वाटतात. परंतु खानदेशात दोनशे वर्षांपूर्वी शांतता भंगली ती राखणदाराचा धान्याचा वाटा बंद झाला तेव्हा, हे विसरून चालणार नाही.