लेखांक 7 : नदीतली कोळंबी आणि संशोधनाचा बीजनिधी

संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या बहुतेक संस्था प्रस्तावाबरोबर काही प्राथमिक निष्कर्षांची अपेक्षा करतात, आणि ते निष्कर्ष हाती यायचे तर आधी पैसा लागतो. ही कोंडी फोडण्यासाठी, कल्पना कच्ची असतानाच ती पडताळून पाहण्यापुरती जी माफक रक्कम दिली जाते तिला बीजनिधी म्हणतात. दोन-तीन विद्याशाखांच्या शिवेवरच्या प्रश्नांसाठी ही कोंडी अधिकच घट्ट असते, कारण वैद्यकाच्या समितीला असा प्रस्ताव पर्यावरणाचा वाटतो, पर्यावरणाच्या समितीला तो वैद्यकाचा वाटतो आणि दोन्ही दारांवरून तो परत फिरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वुड्स पर्यावरण संस्थेने 2004 पासून चालवलेल्या बीजनिधीत म्हणूनच भिन्न शाखांच्या संशोधकांनी एकत्र येणे अपेक्षित असते. अशा निधीचे मोल सेनेगल नदीच्या काठी स्पष्ट दिसते.

या नदीच्या मुखाजवळ 1986 मध्ये दियामा धरण पूर्ण झाले. समुद्राचे खारे पाणी आत शिरणे त्यामुळे थांबले, वर्षभर गोडे पाणी मिळू लागले आणि ऊस व भाताचे कालवे वाहू लागले. परंतु याच संथ, गोड्या पाण्यात गोगलगाई माजल्या आणि 1988 पासून रिशार-तोल या ऊसकारखान्याच्या गावात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळू लागले. हा रोग पर्णकृमींमुळे होतो. रुग्णाच्या मलमूत्रातून कृमीची अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी विशिष्ट जातीच्या गोगलगाईत शिरते, तिथे तिची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि पुन्हा पाण्यात उतरलेल्या अळ्या कपडे धुणाऱ्या बाईच्या किंवा पोहणाऱ्या मुलाच्या अखंड त्वचेतूनही शरीरात प्रवेश करतात. (भारतात या रोगाचे केंद्र म्हणून वैद्यकीय साहित्यात नोंदले गेलेले गाव रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी हे होय, तेथील नोंद 1952 ची आहे.) प्राझिक्वांटेल हे औषध शरीरातील प्रौढ कृमी मारते, मात्र पुन्हा होणारी लागण रोखत नाही, औषध घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर उतरते.

इथे परिसंस्थाशास्त्रज्ञांना एक वेगळा धागा दिसला. नदीतील मोठी कोळंबी या गोगलगाई खाते, पण तिच्या पिल्लांना वाढीसाठी मुखाजवळचे निमखारे पाणी लागते, आणि धरणाने नेमकी हीच ये-जा तोडली होती. मग कोळंबी परत आणली तर रोग हटेल का? हा प्रश्न कोणत्याही एका विभागाचा नव्हता. सुझान सोकोलो व जुलिओ दे लिओ या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी आणि सेनेगलमधील सेंट-लुई येथील स्थानिक आरोग्यसंस्थेच्या सहकाऱ्यांनी लाम्सार गावाच्या पाणवठ्यावर जाळीचे कुंपण घालून त्यात कोळंबी सोडली आणि दुसऱ्या गावाशी तुलना केली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लागण झालेल्या गोगलगाई सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळल्या, तर औषधोपचारानंतर माणसांत पुन्हा साठणारे अंड्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. कॅनडा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या 'ग्रँड चॅलेंजेस कॅनडा' या संस्थेचा प्रारंभिक निधी या कामामागे होता, आणि दे लिओ यांच्या गटाच्या पुढील कामाला वुड्स संस्थेच्या बीजनिधीचीही जोड मिळाली.

तरीही बीजनिधीचे गुण गाताना त्याची मुदत विसरता येत नाही. तो साधारण एक-दोन वर्षांत संपतो. गावकऱ्यांचा विश्वास मिळवणे, जाळ्या दुरुस्त करणे, निमखाऱ्या पाण्यात पिल्ले वाढवून ती गोड्या पाण्यात आणणे ही कामे त्या मुदतीत बसत नाहीत. बीज पेरल्यावर पाणी कोणी घालायचे, हे आधीच ठरलेले नसेल तर उत्तम प्रयोगही एका शोधनिबंधावर थांबतो, आणि त्याची किंमत ज्या गावाने आपला पाणवठा प्रयोगासाठी दिला त्या गावाला मोजावी लागते.

सेनेगलमध्ये काम थांबले नाही. गोगलगाईंना आसरा देणाऱ्या पाणवनस्पतींवर पुढे लक्ष गेले, आणि जेसन रोर व सहकाऱ्यांच्या 2023 मधील अभ्यासात 16 गावांपैकी काही गावांच्या पाणवठ्यांतून त्या उपसून काढल्यावर मुलांमधील आतड्याच्या रोगाची पुन्हा होणारी लागण घटल्याचे आढळले. खतांच्या निचऱ्यावर वाढलेल्या त्या वनस्पतींचे कंपोस्ट कांदा आणि मिरचीच्या शेतात गेले, आणि उरलेला पाला जनावरांच्या चाऱ्यात.