निकाहच्या दिवशी दुल्हनच्या बहिणींनी केस कसे बांधावेत?

मागच्या मे महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीचा निकाह होता. दुल्हनच्या सख्ख्या, चुलत, मावस मिळून सहा बहिणी. सगळ्यांचे शरारे एकाच रंगाचे आणि सगळ्यांना जुडाही एकसारखाच हवा, मोबाईलवर सापडलेल्या एका फोटोतला. दुपारी दोनला पोट्ट्या पार्लरमध्ये गेल्या त्या सहा वाजता निघाल्या. अस्र तिथेच गेली. हॉलवर मगरिबची अजान झाली तेव्हा मी म्हटलं, चला, वुजू करून घ्या. तर मोठी म्हणते, "मुमानी, मसह केला की समोरचा सगळा सेट बसून जाईल ना!" सहापैकी एकीनेच नमाज पढली.

जेवायच्या वेळी सगळ्यात धाकटी, तेरा वर्षांची, डोकं धरून कोपऱ्यात बसलेली. मग तिला उलटी झाली. तिच्या अम्मीला वाटलं ऊन लागलं. मी तिला आत नेलं आणि जुडा सोडवायला घेतला. पिना मोजत गेले. एकेचाळीस! शेवटची निघाल्यावर दहा मिनिटांत ती विचारते, बिर्याणी संपली का?

केस फार ओढून बांधले की डोकं दुखतं आणि सैल केले की थांबतं, ही डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. तरी आपण मुलींना म्हणतो, "थोडा सहन कर, फोटो होऊ दे." म्हणून हा लेख. जुडा बांधू नका असं मला मुळीच म्हणायचं नाही. नागपूरच्या उन्हात मानेवर मोकळे केस ठेवण्यापेक्षा जुडा कधीही बरा. फक्त तो कुठे बांधायचा, कशाने बांधायचा आणि किती वाजता बांधायचा, हे फोटो पाहून ठरवायचं नसतं.

आधी एक गोष्ट. मराठी लग्नात करवली असते, तिच्या हातात करा असतो. इंग्रजांच्या लग्नात ब्राइड्समेड. आपल्याकडे असं ठरलेलं पद नाही, पण काम भरपूर. दुल्हनला स्टेजवर आणायचं, तिचा दुपट्टा सांभाळायचा, आरसी मुसहफच्या वेळी दोघांच्या डोक्यावर ओढणी धरून उभं राहायचं, दूल्हेभाईंचे जूते लपवायचे, धावायचं, वाकायचं. फोटोतली मुलगी एका जागी उभी असते. आपल्या मुली एका जागी पाच मिनिटं उभ्या राहत नाहीत. तिथेच फोटोतला जुडा हरतो.

आता जागा. माझ्या मते जुडा मानेवरच बांधावा, कानाच्या पाळीच्या रेषेत किंवा थोडा खाली. जुड्याला फ्रेंच लोक शिन्याँ म्हणतात, आणि तो शब्दही मुळात मानेच्या मागच्या भागाशीच जोडलेला आहे. म्हणजे तिकडेही ही जुनी जागा. आपल्यासाठी तिचे फायदे आणखी आहेत. डोक्यावर दुपट्टा घ्यायचा असतो. उंच जुड्यावर दुपट्टा तंबूसारखा उभा राहतो आणि मागे घसरतो. खालच्या जुड्यावर तो सपाट बसतो आणि पिन लावायला घट्ट आधार मिळतो. कपाळाच्या डाव्या बाजूला झूमर लावायचा असेल तर त्याचा आकडा अडकवायला भांगाजवळचे केस सपाट लागतात. आणि सहीह मुस्लिममध्ये ज्या हदीसमध्ये काही स्त्रियांच्या डोक्यांची उपमा उंटाच्या झुकलेल्या कुबडाशी दिली आहे, तिच्या आधारे अनेक आलिम स्कार्फखाली उंच, फुगवलेला जुडा करायला मना करतात. बाहेर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींना हे माहीत असतं. पण लग्नाच्या दिवशी तोच स्कार्फ उंच जुड्यावर चढवून पार्लरपासून हॉलपर्यंत जातात, तेव्हा लक्षात राहत नाही.

वुजूचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. वुजूत केस धुवायचे नसतात, ओल्या हाताने मसह करायचा असतो. आपल्याकडे नागपुरात बहुतेक लोक हनफी, त्यांच्याकडे डोक्याच्या चौथ्या हिस्स्याचा मसह फर्ज आहे. कोकणातले आपले शाफई भाऊबहीण याहून थोड्या भागावर केलेला मसहही पुरेसा मानतात. पूर्ण डोक्याचा मसह सुन्नत आहे, तो जमला तर उत्तमच. पण एवढं ध्यानात ठेवा, लांब केस गुंडाळून जो गोळा केला त्याच्यावर हात फिरवला म्हणजे मसह झाला असं नाही. हात डोक्यावरच्या केसांवर फिरला पाहिजे. दुपट्ट्यावरूनही होत नाही. याचा सरळ अर्थ, कपाळापासून टाळूपर्यंतचा भाग मोकळा आणि सपाट ठेवा. तिथे उलटा कंगवा मारून फुगा केला, आत स्पंज भरला, वरून स्प्रेचा थर दिला, की मुलगी त्या भागाला हात लावायला तयारच होत नाही. सपाट भांगावरून ओला तळवा फिरवला तर काहीही बिघडत नाही, उलट उडणारे बारीक केस बसतात. स्प्रेचा थर जमला असेल तर मसह होतो का, हा प्रश्न आपल्या आलिमांना विचारून घ्या. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही.

बायकांचा एक मोठा गैरसमज गुस्लबद्दलही आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी विचारलं होतं की मी वेणी घट्ट घालते, गुस्लसाठी ती सोडू का? नबी (स.) यांनी सोडण्याची गरज नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालणं पुरेसं आहे असं सांगितलं. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. पाणी मुळांपर्यंत पोचलं पाहिजे, हे मात्र आलंच. म्हणजे बांधलेले केस आणि पाकी यांचं भांडण नाही. भांडण आहे ते स्पंज, गोंद आणि थरांशी.

वेळेचं गणित तर आपल्या हातातलं आहे. मे महिन्यात नागपुरात मगरिब पावणेसातच्या सुमारास होते. अस्र घरी पढून मग केस करायला बसलात, वुजू टिकवलात, तर मगरिब हॉलवर आरामात होते. सहा मुलींना एकाच बाईच्या हाताखाली बसवलं की चार तास जाणारच. दोन मावश्या आणि एक चुलती बसली तर तासाभरात काम होतं. पण त्यासाठी जुडा असा निवडावा लागतो जो घरच्या बाईला येतो.

नकली केसांवर थोडं थांबते, कारण इथे आईच्या मनाला लागतं. माझ्या वर्गातल्या किती मुलींचे केस टायफॉइडनंतर गळालेले मी पाहिलेत. अशी मुलगी बहिणीच्या लग्नात सहा जणींच्या रांगेत उभी राहते तेव्हा आईच म्हणते, थोडे लावून देऊ. हा प्रश्न चौदाशे वर्षं जुना आहे. हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. एक बाई नबी (स.) यांच्याकडे आली, तिची मुलगी नवी नवरी होती, गोवरासारख्या आजारात तिचे केस गळाले होते. केस जोडू का, असं तिने विचारलं. मना केलं गेलं. हनफी आलिम माणसाचे केस जोडणं नाजायज म्हणतात. धाग्याच्या, रेशमाच्या परांद्याला मात्र त्यांच्याकडे वाव आहे. मला यातून वाट दिसते ती अशी. केस पातळ असतील तर सहाही जणींचा जुडा लहान ठेवा. एकीसाठी पाच जणींनी थोडं कमी करायचं. लहान जुड्यावर मोगऱ्याचा गजरा फिरवला की आतला गोळा लिंबाएवढा की संत्र्याएवढा, कोणाला कळतं?

आता प्रत्यक्ष कृती. माझा भरवसा वेणीच्या जुड्यावर आहे. नुसते पिळून गुंडाळलेले केस आपल्या उन्हात टिकत नाहीत. २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी ईद मार्चमध्ये आली, म्हणजे ईदनंतरची लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या आसपास. घामाने मान भिजली की पिळलेला जुडा सुटतो. वेणीचे पेड एकमेकांना धरून ठेवतात.

केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी नको. नुकते धुतलेले केस हातातून निसटतात, पिना धरत नाहीत. तेल लावायचंच असेल तर दोन दिवस आधी. तेलकट केसांवर जरीचा दुपट्टा घेतला तर डाग तुमच्या नशिबी. मेहंदीच्या रात्री सैल वेणी घालून झोपा, हात भरलेले असतात तेव्हा केस दुसऱ्यानेच बांधायचे आहेत हे ठरवून ठेवा. आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नका. ओल्या केसांवर दुपट्टा राहिला की वास येतो, खाज सुटते.

भांग पाडा, मधला किंवा किंचित बाजूचा. मानेवर साध्या कापडी रबराने केस बांधा. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर घट्ट झालं, सैल करा. मग साधी तीन पेडी वेणी, टोकापर्यंत. वेणीचे पेड कडेने थोडे थोडे ओढून सैल करा, म्हणजे वेणी रुंद आणि भरीव दिसते. ही स्पंजशिवायची युक्ती. ती रबराभोवती गोल गुंडाळा, टोक आत दडपा. आता आकडे. आकडा सरळ खुपसला की तो निघतो. जुड्याच्या कडेचे थोडे केस आणि डोक्यालगतचे थोडे केस दोन्ही आकड्यात घ्या, मग तो उलटा वळवून जुड्याच्या मध्याकडे सरकवा. चार दिशांना चार, मधल्या जागांत चार. बारीक काळ्या पिना लावताना नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, बऱ्याच जणी उलट लावतात. वरून केसांच्या रंगाची जाळी. एकूण बारा पिनांत काम होतं. जास्त लागत असतील तर आणखी पिना न लावता जुडा सोडून परत बांधा.

कुरळ्या केसांच्या मुलींना आधी सरळ करून मग जुडा बांधायचा हट्ट कशाला? कुरळे केस पिना उत्तम धरतात आणि फुगलेले दिसतात ते फुकटात. गरम मशीन त्यांच्यावर फिरवू नका. स्प्रे वापरलाच तर गॅस, अगरबत्ती, इस्त्रीपासून लांब. त्याचा डबा मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच ठेवायचा नाही, उन्हात तो फुटू शकतो.

जुडा झाला की माझी एक परीक्षा आहे. मुलीला एक सजदा करायला सांगा. सजद्यात जुडा हलला नाही, कपाळावर बटा आल्या नाहीत, तर तो आरसी मुसहफही सांभाळेल आणि जूताछुपाईही. हलला तर घरीच कळलं, हॉलवर नाही.

दुपट्टा टाळूवर पिनांनी खिळवू नका, ओढ लागते आणि तिथलेच केस तुटतात. जुड्याच्या वरच्या कडेला, वेणीच्या पेडात, छोटी सेफ्टी पिन घाला. कपाळाकडे एकच काळी पिन पुरे. कपाळाच्या कडेचे केस नाजूक असतात. रोज घट्ट ओढून बांधणाऱ्या बायकांचे तिथले केस हळूहळू विरळ होतात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. एका लग्नाने ते होत नाही, पण मेहंदी, निकाह, वलीमा असे ओळीने तीन दिवस ओढले तर कडेचे केस तुटायला लागतात. वलीम्याला सैल वेणी घाला, तीही छान दिसते.

फुलांसाठी सीताबर्डीच्या फूल बाजारात सकाळी जा. उन्हाळा म्हणजे मोगऱ्याचाच मोसम. गजरे ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, वरून पाणी शिंपडू नका, नाहीतर ते पाणी दुपट्ट्यावर उतरतं. गजरा सगळ्यात शेवटी, हॉलवर बायकांच्या भागात गेल्यावर माळला तर ताजाही राहतो आणि वाटेभर सुगंध दरवळत जायचा प्रश्नही राहत नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलींना जुडा हवाच का? त्या रडतात, म्हणून आपण करतो. आमच्या शाळेत रिबनच्या दोन वेण्या असतात. त्याच दोन वेण्या मागे एकमेकींवरून नेऊन मानेवर चार पिनांनी टाचल्या की त्यांना मोठ्या आपांसारखं वाटतं आणि डोक्यावर ओझं नसतं.

खर्चाचं बोलायला बरं वाटत नाही, पण बोलते. दुल्हनचं पार्लर वेगळं, बहिणींचं वेगळं. सहा मुलींचे पैसे कोण देतं? बहुतेक वेळा दुल्हनचे अब्बा, नाहीतर प्रत्येकीचे आपापले. आणि सहातली एक अशा घरची असते जिथे हजार रुपये म्हणजे आठवड्याचा किराणा. ती म्हणते, "माझे केस घरीच करते, मला पार्लरचं आवडत नाही." आम्ही शिक्षक लोक हे वाक्य ओळखतो, सहलीच्या वेळी ऐकतो ना. सगळ्यांचे केस घरी झाले तर तिला ते बोलावं लागत नाही.

या डिसेंबरमध्ये त्याच घरात दुसऱ्या मुलीचा निकाह आहे. आठ दिवस आधी, जुमाच्या दुपारी, सगळ्यांना घरी बोलावलंय. एकमेकींचे केस बांधून पाहतील, कोणाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू. थंडीत मोगरा मिळाला नाही तर शेवंती घेऊ. धाकटीने आत्ताच सांगून ठेवलंय की तिच्या डोक्यात आठच पिना.

रात्री घरी आल्यावर मात्र घाई करू नका. आधी गजरा, मग दुपट्ट्याची सेफ्टी पिन, मग जाळी, मग आकडे बाहेरून आत. कंगवा टोकाकडून वर. आणि पिना मोजा. बारा लावल्या असतील तर बारा निघाल्या पाहिजेत. मागच्या वेळी एक उशीत राहिली होती आणि ती सकाळी माझ्या नातवंडाच्या वयाच्या लेकराच्या तोंडात सापडली.