‘साहेब, जरा खाली उतरता?’

परवाच्या रविवारची गोष्ट. पेट्रोल पंपावर नेहमीसारखी रांग. माझ्या पुढे मोटारसायकलवर एक चौकोनी कुटुंब. टाकीवर चारेक वर्षांचा मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. ‘साहेब, मंडळींना जरा खाली उतरवता का?’ पंपावरच्या पोरानं विचारलं. ‘तू भर रे, लग्नाला जायचंय,’ साहेब म्हणाले. मुलाला थोडं मागे सरकवलं, झाकण उघडलं आणि त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर पेट्रोल भरलं गेलं. नातीला मागे बसवून मी मुकाट बघत होतो. खरं सांगायचं तर उशीर मलाही होत होता.

स्कूटरवाला निमूट उतरतो, कारण सीट उचलल्याशिवाय बहुतेक स्कूटरची टाकी सापडतच नाही. मोटारसायकलवाला मात्र टाकी मांडीशी धरून बसून राहतो. पेट्रोल जळतं म्हणजे खरं तर त्याची वाफ जळते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोलवर जमते. मग आपल्याकडच्या मे महिन्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून न जाता खाली पसरते. हवेत तिचं प्रमाण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरे. अशा वेळी खाली तापलेलं इंजिन आणि वर चौघं. भडका उडाला तर आधी कोण उतरणार?

नियमांची वाण नाही. पेट्रोलियम कायदा १९३४ चा, सध्याची नियमावली २००२ ची आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय तर आपल्या नागपुरात. वाळूच्या बादल्या, टँकर रिकामा करताना जोडायची अर्थिंगची तार, हे तपासायला अधिकारी कधीमधी येतात. गिऱ्हाइकाला मात्र दर दोन मिनिटांनी आवरावं लागतं, आणि ते काम नोझल धरलेल्या पोराचं. जुलै २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही’ असं जाहीर केलं, तेव्हाही भांडण याच पोराच्या गळ्यात पडणार होतं. पंपचालकांनी विरोध केला आणि निर्णय सैल झाला.

मोबाइलची गंमत वेगळीच. ‘मोबाइल बंद ठेवा’ ही पाटी आणि शेजारीच पैसे भरायचा क्यूआर कोड! २०१६ च्या नोटाबंदीनंतर तर रोखीऐवजी कार्ड-मोबाइलनं पैसे देणाऱ्याला पंपावर पाऊण टक्का सवलत मिळू लागली होती. अमेरिकेत पंपांवरच्या आगींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोबाइलपेक्षा स्थिर विजेची ठिणगीच गुन्हेगार ठरली. म्हणून तर कॅन गाडीत ठेवून भरू नये, जमिनीवर टेकवून भरावा. पण एक पाटी खोटी पडली की बाकीच्या पाट्यांचाही धाक जातो. मग पोरानं कुठल्या तोंडानं सांगावं?

माझा नंबर आला तेव्हा ते पोर काही बोललंच नाही. नुसतं ‘झीरो बघा’ म्हणालं. मी इंजिन बंद केलं, नातीला उतरवून बाजूला उभं केलं. त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं.

मागून लगेच हॉर्न वाजला.