जळणाच्या भावात पाणी

दिवाळी उलटली की अंजनगाव सुर्जीत पहाटेचा गारठा जाणवू लागतो आणि लाकडाच्या टालावर गिऱ्हाईक वाढतं. खोली तापवण्यासाठी भिंतीत धुराडं बांधायची रीत वऱ्हाडात नाही. इथं लाकडाची ऊब माणसाला मिळते ती अंघोळीच्या कढत पाण्यातून आणि अंगणातल्या शेकोटीतून. स्वयंपाकाला गॅस आला, तरी पाण्याचा गंज चुलीवर चढवणारी किंवा न्हाणीशेजारी बंब पेटवणारी घरं अजून आहेत. अशा घराला दर हिवाळ्यात एक निवड करावी लागते: बाभूळ, चिंच, धावडा असं जड लाकूड घ्यावं, की शेवरी, पांगारा, सुबाभूळ असं हलकं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण बाभूळच हवी. या उत्तरात तथ्य आहे, मात्र ते अर्धंच आहे. काट्यावर तोलून जळण घेणाऱ्यानं लाकडाची जात नंतर विचारावी. आधी त्यात पाणी किती आहे ते पाहावं.

कारण साधं आहे. लाकूड कोणत्याही झाडाचं असो, ते मुख्यतः सेल्युलोज, त्याच्या जातीचे इतर घटक आणि लिग्निन यांचंच बनलेलं असतं. म्हणून पूर्ण वाळलेलं एक किलो लाकूड जाळलं, तर ते बाभळीचं असो वा सावरीचं, साधारण साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. झाडाझाडात फरक पडतो, पण तो थोडा. उलट हिमालयातल्या चिडीसारखं सूचिपर्णी लाकूड मऊ असूनही त्यातल्या राळेमुळे किलोमागे किंचित जास्तच उष्णता देतं. खरा फरक आहे तो घनतेचा. वाळलेल्या बाभळीचा एक घनमीटर ठोकळा साडेसातशे-आठशे किलो भरतो, तर सावरीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. युरोप-अमेरिकेत जळाऊ लाकूड बहुधा रचलेल्या ढिगाच्या मापानं विकतात, म्हणून तिथं ओकसारख्या जड लाकडाला जास्त भाव देणं हिशेबाला धरून आहे. आपल्याकडे व्यवहार किलोचा आणि क्विंटलचा. क्विंटलभर वाळली शेवरी आणि क्विंटलभर वाळली बाभूळ यांतली उष्णता जवळपास सारखी. शेवरीला जागा जास्त लागेल, एवढंच.

आता त्याच काट्यावर ओलं लाकूड ठेवून पाहा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. उन्हात नीट वाळलेल्यात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. निम्मं पाणी असलेलं दहा किलो लाकूड घेतलं, तर जळणारा भाग पाचच किलो. त्याची उष्णता साडेबावीस हजार किलोकॅलरी. पण उरलेलं पाच किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला किलोमागे सव्वासहाशेच्या घरात, म्हणजे एकूण तीन हजारांवर किलोकॅलरी जातात. हाती उरतात एकोणीस हजारांच्या आसपास. पंधरा टक्के ओल असलेल्या दहा किलोंतून मात्र सदतीस हजार मिळतात. म्हणजे जातीमुळे पडणारा फरक किरकोळ आणि ओलीमुळे पडणारा जवळपास दुप्पट. इंग्लंडनं १ मे २०२१ पासून घरगुती जळणाच्या किरकोळ विक्रीवर जो नियम लावला, त्याचा रोखही इथंच आहे. कोणत्या झाडाचं लाकूड विकावं हे तो सांगत नाही. थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल नसावी, एवढं सांगतो.

यावर पहिला आक्षेप निखाऱ्याचा. बाभळीचा निखारा तासन्‌तास टिकतो, शेवरी भसकन पेटते आणि राख होते. हे खरंच आहे. दाट लाकडात हवा हळू शिरते, ते सावकाश जळतं आणि मागे भरीव कोळसा ठेवतं. पण हा कामाचा प्रश्न आहे, उष्णतेच्या मोजमापाचा नाही. भाकरी निखाऱ्यावर फुगवायची असेल, शेकोटी रात्री उशिरापर्यंत धगधगती ठेवायची असेल, तर बाभूळ, बोर, चिंच हवीच. पंधरा-वीस मिनिटांत बादलीभर पाणी तापवायचं असेल, तर मोठ्या ज्वाळेचं हलकं जळण उजवं ठरतं. पऱ्हाटी आणि तुराट्या हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. पानवेलीला आधार म्हणून लावलेल्या शेवरी-पांगाऱ्याची छाटणीही वाळवली तर बंबाला उत्तम.

दुसरा आक्षेप धुराचा: हलकं लाकूड धूर फार करतं. धूर म्हणजे न जळता निसटलेलं जळण. लाकडातलं पाणी उडत असताना आग थंड राहते, लाकडातून निघालेले वायू पेट न घेता वर जातात आणि बंबाच्या मधल्या नळीत डांबरासारखा काळा थर धरतात. ओली बाभूळ हेच करते. वाळली सावर, पुरेशी हवा मिळाली तर, स्वच्छ पेटते. मात्र खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड किंवा रंग दिलेली चौकट सुकी दिसते म्हणून चुलीत सारू नये. त्यातली रसायनं आणि डिंक धुरावाटे छातीत जातात. आणि निखारा धुरकट दिसत नसला, तरी बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पऱ्हाटी साठवायची, तर गुलाबी बोंडअळीचं काय? २०१७ च्या हंगामात विदर्भानं या अळीचा फटका सोसला आहे. न फुटलेल्या बोंडांत अळी दडून राहते, म्हणून हंगामानंतर पऱ्हाटीचे ढीग शेताच्या बांधावर ठेवू नयेत, हा कृषी खात्याचा सल्ला योग्यच आहे. तेव्हा पऱ्हाटी हे थंडीतच जाळून संपवायचं जळण. पुढच्या पेरणीपर्यंत तिचा साठा करू नये. वर्षभराच्या साठ्याला तुराट्या आणि बांधावरची छाटणी बरी. मेळघाटाकडे हात पसरण्याची गरजही त्यानं कमी होते. १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या त्या जंगलातला धावडा जळणाला कितीही सरस असला, तरी वाळल्या पांगाऱ्यानं जे काम भागतं त्यासाठी तो तोडण्याचं समर्थन होत नाही.

राहिला प्रश्न वाळवण्याचा. त्यात वऱ्हाडाइतकं सोयीचं हवामान क्वचितच मिळेल. चाळिशीपार जाणारं ऊन आणि कोरडी हवा उन्हाळाभर फुकट उपलब्ध असते. माघ-फाल्गुनात लाकूड घेऊन ते हातभर लांबीचं तोडावं आणि फोडून ठेवावं, कारण पाणी सालीतून फारसं निघत नाही, ते टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून निघतं. विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचावं. मृगाआधी वरून ताडपत्री टाकावी, बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. वाळलेल्या लाकडाची खूण टालावरही पटते: टोकाला भेगा पडलेल्या असतात, साल सुटू लागते, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणक आवाज येतो, ओल्यांचा आवाज बद्द येतो. ज्यांच्याकडे वाळवायला जागा नाही, त्यांनी वाळल्या लाकडाला ओल्याच्या दीडपट भाव मोजला, तरी वरच्या हिशेबानं त्यांचा फायदाच आहे. त्याहून कमी फरकात वाळली शेवरी मिळत असेल आणि काम नुसतं पाणी तापवण्याचं असेल, तर ओल्या बाभळीसाठी अडून बसण्यात शहाणपण नाही.