बागेतलं युवा केंद्र : विचारलं कधी आणि कुणाला?

आपलं शहर, आपला आराखडा : लेखांक सातवा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत एक सूचना छापून येते. मंजूर विकास योजनेतील ‘उद्यान’ या आरक्षणाखालील अमुक चौरस मीटर क्षेत्र वगळण्याचे प्रस्तावित आहे, अशी तिची भाषा. मग सर्वे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा. आणि तळाशी, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात. रोज सकाळी त्याच बागेत फेऱ्या मारणाऱ्या माणसाने हे वाचलं, तरी हा सर्वे नंबर म्हणजे आपलीच बाग, हे त्याच्या लक्षात येणं कठीण. त्याला पत्ता लागतो तो कोपऱ्यात हिरवे पत्रे ठोकले जातात तेव्हा.

आरक्षण म्हणजे आराखड्यात एखादी जागा ठरावीक वापरासाठी राखून ठेवणं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. ते बदलताना लोकांना विचारायची रीत काय आहे, ते आज पाहू. उदाहरण घेऊ बागेत होऊ घातलेल्या युवा केंद्राचं. हेच उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण इथे गरज दोन्हीकडे खरी आहे. बागेवर डोळा ठेवून बसलेल्या व्यापारी संकुलाशी भांडताना मन स्वच्छ असतं. पण एका खोलीत पाच माणसं राहतात अशा घरातून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला अभ्यासिका हवीच आहे. नाक्यावर उभं राहण्यावाचून पर्याय नसलेल्या पोरांना खेळायला, बसायला, चार शब्द बोलायला जागा हवीच आहे. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं झाली, ते चांगलंच झालं. सोळा ते पंचविशीच्या मुलामुलींसाठी मात्र शहरात फुकट बसता येईल अशी जागा शोधून दाखवा.

कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ३७ प्रमाणे मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर नियोजन प्राधिकरणाने राजपत्रात सूचना प्रसिद्ध करायची, कोणाही व्यक्तीकडून हरकती-सूचना मागवायच्या, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग प्रस्ताव राज्य सरकारच्या मंजुरीला पाठवायचा. फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, हीसुद्धा अट आहे.

मात्र दर वेळी आरक्षण बदलावं लागतंच असं नाही. बागेच्या वापराला पूरक अशा छोट्या बांधकामाला विकास नियंत्रण नियमावलीत मर्यादित मुभा असते. बांधकाम त्या मुभेत बसवलं, की कलम ३७ ची वाटच धरावी लागत नाही. म्हणून केंद्राची बातमी कानावर आली की पहिला प्रश्न हा विचारा : आरक्षण बदलून बांधताय, की उद्यानाच्या आरक्षणातच बसवताय? दुसरी वाट असेल, तर कित्येकदा एकच जाहीर नोटीस हाती लागते, ती झाडांची. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडायच्या झाडावर नोटीस लावावी लागते. पन्नास वर्षांच्या पुढची झाडं २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष ठरली आहेत. बागेतल्या जुन्या वडा-पिंपळांचं वय अशा वेळी फार मोलाचं ठरतं.

‘केंद्र लोकांच्याच उपयोगाचं आहे, मग हरकत कशाला?’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. बंगळूरच्या राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका वैद्यकीय ट्रस्टला खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालय हीदेखील लोकांची गरजच, असं समर्थन झालं. न्यायालयाने १९९१ साली ते मान्य केलं नाही. रुग्णालयाची गरज बागेची गरज भागवत नाही, आणि बागेसाठी दाद मागण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, असा त्या निकालाचा सारांश. पालिकेने स्वतः चालवायचं, सगळ्यांना खुलं असं युवा केंद्र खासगी रुग्णालयापेक्षा वेगळं आहे, हे मान्य. तरीही एक चांगली गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीची जागा आपोआप घेऊ शकत नाही, हे तत्त्व इथेही लागू पडतं.

आता ‘विचारणं’ कशाला म्हणायचं? याचं मला पटलेलं उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांनी दिलं आहे. १९८५ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांचा वाद कोर्टात आला, त्यातून चार कसोट्या रूढ झाल्या. प्रस्ताव कच्चा असतानाच विचारा. लोकांना डोकं चालवता येईल इतकी कारणं सांगा. पुरेसा वेळ द्या. आणि जे उत्तर येईल, ते निर्णय घेताना मनापासून विचारात घ्या. २०१४ मध्ये लंडनच्याच हॅरिंगे कौन्सिलच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलं. नाकारलेले पर्याय लोकांपुढे मांडलेच नव्हते, म्हणून कौन्सिलने केलेली सल्लामसलत सदोष ठरली.

आपल्याकडे पहिल्याच कसोटीवर गाडी अडते. फेरबदलाची सूचना छापून येते तोवर सर्वसाधारण सभेचा ठराव झालेला असतो, बऱ्याचदा वास्तुविशारदाचा नकाशा तयार असतो, अंदाजपत्रकात रक्कम पडलेली असते. २०२२ नंतर तर अनेक महापालिकांत कित्येक वर्षं प्रशासकच सर्वसाधारण सभा होता. मग सुनावणीत बसलेला अधिकारी ‘तुमचं म्हणणं नोंदवलं’ यापलीकडे काय बोलणार? आणि पर्यायांची कसोटी लावली तर सूचनेत त्याबद्दल अक्षर नसतं. पटसंख्या घटल्याने बंद झालेली पालिकेची शाळा, वर्षातून चार लग्नांपुरतं उघडणारं समाजमंदिर, मंडईच्या वरचा रिकामा मजला : हे तपासले का, आणि तपासले असतील तर का नाकारले? माझं मत सरळ आहे. याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत बागेतली एक फूट मातीही काँक्रीटखाली जाऊ नये.

बागेतलं केंद्र नेहमीच चुकीचं, असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्व लंडनमधल्या डॅगनमच्या पार्सलोज पार्कमध्ये २०१९ साली ‘फ्यूचर’ नावाचं युवा केंद्र सुरू झालं. ऑनसाइड या संस्थेच्या साखळीतलं हे केंद्र आठ ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी आहे, अपंग मुलांसाठी पंचविशीपर्यंत. वार्षिक वर्गणी पाच पौंड आणि दर भेटीला पन्नास पेन्स, इतकी माफक फी ठेवून ते सुरू झालं. ही संस्था केंद्र उभं राहण्याआधीच त्या भागातल्या मुलामुलींचा एक गट बांधते आणि केंद्राच्या घडणीत त्यांना सामील करून घेते. मोठं मैदान आणि त्याच्या कडेला केंद्र, असा मेळ तिथे बसू शकला. आपल्या अर्ध्या एकराच्या बागेत तो बसेलच असं नाही.

आपल्या सुनावणीला येतात कोण? हास्य क्लबचे सभासद, लगतच्या सोसायट्यांचे चेअरमन, एखादा निवृत्त अभियंता. ही मंडळी येतात म्हणून बागा टिकल्या आहेत, हे विसरता येणार नाही. पण ज्यांच्या नावाने केंद्र बांधायचं, त्यांच्यापैकी एकही त्या दालनात नसतो. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला, नगररचना विभागात. त्या वेळी ती मुलं कॉलेजात किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर असतात. कायद्याने त्यांना अडवलेलं नाही. कलम ३७ मध्ये ‘कोणीही व्यक्ती’ म्हटलं आहे, मतदार म्हटलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानुसार मुलांशी संबंधित बाबतीत त्यांचं म्हणणं ऐकायला हवं, आणि ती संहिता भारताने १९९२ मध्येच स्वीकारली आहे. तेव्हा सुनावणी संध्याकाळी घ्या, बागेतच घ्या, आणि शेजारच्या वस्तीत जाऊन मुलींना वेगळं विचारा. संध्याकाळी सातनंतर त्या केंद्रात येणार का, दिवे कुठे हवेत, स्वच्छतागृह कुणीकडे हवं, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही. केंद्र बागेत नको, बसस्टॉपजवळच्या बंद शाळेत हवं, असंही कदाचित त्याच सांगतील.

तुमच्या भागात अशी सूचना निघाली, तर शंभर सह्यांच्या एका छापील पत्रापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या दहा हरकती द्या. मोठ्या गठ्ठ्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. सूचनेचा दिनांक, सर्वे नंबर, बागेचं नाव, तुमचा आक्षेप आणि तुम्ही सुचवत असलेली पर्यायी जागा, एवढं एका पानात मावतं. केंद्र हवं असेल तर तेही लिहा, अटींसकट. ‘सूचना’ हा शब्द त्यासाठीच आहे. घरात सोळा-सतरा वर्षांचं कोणी असेल, तर त्याच्या नावाने वेगळं पान. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे तुमच्या हरकतीचं काय झालं, हे विचारायला तोच क्रमांक लागतो. सुनावणीनंतरचा अहवाल माहितीच्या अधिकारात कसा मागवायचा, ते पुढच्या लेखांकात.