मुंगूस इंग्रजीत गेले तेव्हा

इंग्रजीतील ‘मंगूस’ या शब्दाची व्युत्पत्ती कोशकार मराठीतील ‘मुंगूस’ या शब्दापर्यंत नेऊन पोहोचवतात. या प्राण्याचे संस्कृत नाव ‘नकुल’ असून हिंदीतील ‘नेवला’ त्याच्याशी जोडला जातो. मराठी शब्द मात्र त्या कुळातला दिसत नाही, आणि कन्नडमधील ‘मुंगुसि’ व तेलुगूतील ‘मुंगिस’ ही रूपे पाहता तो द्राविडी भाषांकडून मराठीत आला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांची वर्दळ वाढल्यावर, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो इंग्रजी लेखनात दिसू लागला. शब्दाच्या शेवटी ‘गूस’ ऐकू येत असल्याने त्याचे लेखनही हंसवाचक ‘गूस’ या शब्दासारखे स्थिरावले. परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देण्याच्या या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात. तरीही त्याचे अनेकवचन हंसाप्रमाणे ‘गीस’ असे न होता ‘मंगूसेस’ असेच होते, कारण मुंगसाचा हंसाशी कसलाच संबंध नाही.

नागाशी झुंजणारा प्राणी म्हणून मुंगसाची जी कीर्ती आहे, तिला शरीरशास्त्राचा आधार आहे. नागाच्या विषातील काही प्रथिने स्नायूंवरील ग्राहींना, म्हणजे मज्जातंतूंकडून येणारा रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, चिकटतात आणि त्यामुळे स्नायू लुळे पडतात. मुंगसाच्या ग्राहींची रचना किंचित वेगळी असल्याने विषाला तेथे नीट चिकटता येत नाही. हे संरक्षण मर्यादित आहे, त्यामुळे चपळाई आणि फुलवलेले राठ केस यांचीही त्याला गरज पडते.

या कीर्तीचा मोह मात्र महागात पडला. उसातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली आणि 1883 मध्ये त्यांचा वंश हवाई बेटांवर पोहोचला. पण अंडी, सरडे, कीटक, फळे असे मिळेल ते खाणाऱ्या या प्राण्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचाही फडशा पाडला. दोष मुंगसाचा नव्हता. त्याचा आहार न तपासता त्याला परक्या बेटांवर सोडणाऱ्यांचा होता. विषारी हाबू सापांचा नायनाट व्हावा म्हणून 1979 मध्ये जपानच्या अमामी ओशिमा बेटावरही मुंगसे सोडली गेली; तेथील दुर्मीळ सशांवर संकट ओढवल्यानंतर अनेक वर्षे मोहीम राबवावी लागली आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा 2024 मध्ये झाली.